मामाजींचं संत्र

"हां हां, पान तोडू नको!"

मी दचकून हात मागे घेतला, पण पान माझ्या मुठीत आलं होतं. गच्चीच्या दारात मामाजी उभे होते. एका हातात पितळी झारी, दुसऱ्या हातात लांबोडकी वही.

"तोडलं नाही, मामाजी. खाली पडलं होतं."

लग्न होऊन चौथा दिवस होता. सासऱ्यांशी मी बोललेलं हे पहिलं धड वाक्य, आणि ते खोटं होतं.

मामाजी माझ्याजवळून पुढे गेले, झाडाभोवती एक चक्कर मारली आणि झारी खाली ठेवली. झाड होतं निळ्या प्लास्टिकच्या अर्ध्या ड्रमात. माझ्या खांद्याएवढं उंच, गोल छाटलेलं, हिरवंगार. पानांआड हिरवी फळं होती.

"चौदा आहेत," मामाजी म्हणाले. "संत्र आहे. कुंडीत येणारी बुटकी जात. सहा वर्षं झाली लावून. आता फळ धरलं. तू तर शेंदुरजन्याची, संत्र्याच्या गावची. तुमच्याकडे आहे असं झाड?"

मी मूठ नाकाजवळ नेली. चुरगळलेल्या पानाचा वास लिंबाचा येत होता. पान रुंद होतं, फांदीवर बोटभर काटे होते आणि फळाची साल खडबडीत होती. आमच्या शेंदुरजन्यात शेंबडं पोरही सांगेल की ही जंभेरी आहे. संत्र्याची कलम करतात ती जंभेरीच्या खुंटावर. बी जंभेरीचं पेरायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीत संत्र्याचा डोळा भरायचा, म्हणजे संत्र्याच्या फांदीवरचा कोंब सोलून बसवायचा. मुळं जंभेरीची, फळं संत्र्याची. पण वरचं संत्र मेलं आणि खालचा खुंट फुटला, तर उरते नुसती जंभेरी. तिच्या फळाचं फार तर लोणचं होतं.

"असं नाही, मामाजी," मी म्हणाले. हे मात्र खरं होतं. आमच्याकडे जंभेरी एवढी लाडात कुणी वाढवत नाही.

ते इतके खूश झाले की त्यांनी मला वही दाखवली. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, अक्षर मोत्यासारखं. रोजची नोंद. पाणी किती, ऊन किती, नवी पानं किती, आणि शेवटी "प्रकृती उत्तम". मी पानं चाळत मागे गेले. पहिल्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एक नोंद होती: "२४ मे. शेंड्याकडून वाळत आहे. चिंताजनक." आणि खाली: "२ जून. बुडातून जोमदार फूट. जीव धरला. प्रकृती उत्तम."

संत्र्याच्या मृत्यूची तारीख माझ्यासमोर होती. मी वही मिटून परत दिली.

त्या दुपारी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मेथी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि हळूच म्हणाले, "आत्याबाई, गच्चीवरचं ते झाड…"

"तुले कळलं वाटते," आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत आहे?"

"मागच्या साली दोन फळं कच्चीच गळली होती. म्या एक कापून पाह्यलं. जहर आंबट. गुपचूप लोणचं घातलं. महिनाभर त्यायनंच चाटून खाल्लं."

"मग सांगितलं का नाही?"

तेव्हा त्यांनी सगळी हकिकत सांगितली. मामाजींचे धाकटे भाऊ पुंडलिक काकाजी. वरुडकडे त्यांची संत्र्याची मोठी बाग. मामाजी नोकरीत, काकाजी शेतीत, दोघांचं उत्तम चाललं होतं. एकदा मामाजींनी संत्र्यावरचं एक पुस्तक वाचलं आणि बागेत जाऊन काकाजींना पाणी कसं द्यायचं ते शिकवू लागले. गडीमाणसं उभी होती. काकाजी पाच मिनिटं ऐकत राहिले, मग म्हणाले, "दादा, खुर्चीवर बसून झाडं वाढत नाहीत. तू एक झाड जगवून दाखव, मग मले शिकव." गडी हसले. मामाजी तसेच एस.टी.ने परत आले, आणि येताना स्टँडबाहेरच्या गाडीवाल्याकडून ही कलम घेऊन आले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. सहा वर्षं.

"आता तूच सांग, कसं सांगू?" आत्याबाई म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या झटकून उठल्या.

पंधरा-वीस दिवसांत फळं पिवळी पडू लागली. एका सकाळी मामाजी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून फोनपाशी बसले. नंबर फिरवला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात कान देऊन उभ्या.

"पुंडलिक? मी बोलतो, दादा… हो, बरा आहे. रविवारी ये. संत्री खायला… माझ्या झाडाची."

फोन ठेवल्यावर त्यांनी त्याच्यावरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसली. मग आत आले आणि उगाचच माठातलं पाणी प्याले. डोळे ओले होते.

रात्रीची जेवणं आटोपल्यावर मी, आत्याबाई आणि माझा नवरा प्रफुल्ल, तिघांची बैठक भरली.

"बाजारातून चौदा संत्री आणू," प्रफुल्ल म्हणाला. "दोऱ्यानं बांधून टाकू."

"काकाजी बागाइतदार आहेत," मी म्हणाले. "झाडाला गाठ मारलेलं संत्र त्यांना दिसणार नाही?"

"मग तू सांग बाबांना. तू नवीन आहेस, तुला रागावणार नाहीत."

"अजिबात नाही," आत्याबाई म्हणाल्या. "सहा वर्षांनी भावाले फोन केला मानसानं. झाड खोटं निघालं म्हणून कळलं तर तो फोन वापस घेतील. येऊ दे पुंडलिकले. पुढचं पुढं."

तरी शनिवारी मी चहा घेऊन गच्चीवर गेले. ठरवूनच गेले होते. मामाजी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होते.

"मामाजी, एक सांगायचं होतं."

"सांग ना."

"हे झाड…"

"हो, हो, मलाही तेच वाटलं," ते म्हणाले. "ड्रमला गेरू लावायला पाहिजे. चांगलं दिसेल." आणि खरोखरच गेरू आणायला निघाले. मी चहा घेऊन परत खाली आले.

रविवारी अकराच्या सुमारास जीप दारात थांबली. काकाजी उतरले. मामाजींसारखंच नाक, पण अंगानं दुप्पट, डोक्यावर पांढरा रुमाल. त्यांनी जीपच्या मागच्या सीटवरून चार हात लांब फांदी काढली. अख्खी फांदी, पानांसकट, आणि तिला लटकलेली सात केशरी संत्री.

"दादा, हे तुह्यासाठी," ते म्हणाले. "माह्या सगळ्यात चांगल्या झाडाची."

मामाजींनी फांदी बघितली. "फांदीच तोडून आणलीस?"

"मंग? नुसती संत्री बाजारचीबी वाटतात. पाहनाऱ्याले वाटलं पाहिजे न, झाडाचीच हाय म्हणून."

मग मामाजींनी फांदीचं एक टोक धरलं, काकाजींनी दुसरं, आणि दोघं ती जिन्यातून वर घेऊन गेले. मागून आम्ही तिघं.

गच्चीवर गेरू लावलेला ड्रम चमकत होता. काकाजी झाडापाशी गेले आणि थांबले. वाकून त्यांनी बुंध्याला हात लावला. एका काट्यावर अंगठा दाबून पाहिला. मी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाई आकाशाकडे बघत होत्या.

"बाप्पा!" काकाजी म्हणाले. "कुठून आणली होती रे कलम?"

"गाडीवाल्याकडून. बुटकी जात."

"हं. बुटकीच हाय."

मामाजींनी सगळ्यात पिवळं फळ कात्रीनं कापलं आणि दोन्ही हातांनी भावाला दिलं. काकाजींनी ते हुंगलं, आणि सरळ बंडीच्या खिशात घातलं.

"घरी जाऊन निवांत खातो."

"घरी काय? इथंच खा. त्यासाठीच तर बोलावलं तुला."

"जेवनाआधी फळ नाही खात मी."

"पुंडलिक."

काकाजींनी फळ बाहेर काढलं. साल सोलता सोलेना. त्यांनी एक फोड तोडली, तोंडात टाकली. त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला. मानेपर्यंत एक शहारा गेला. गिळून झाल्यावर ते म्हणाले, "झकास."

मी जन्मात इतका सज्जन माणूस पाहिला नव्हता. सहा वर्षांपूर्वी चार गड्यांसमोर थट्टा करणारा माणूस हाच का, असं वाटलं. पण मामाजींनी तेवढ्यात उरलेलं फळ त्यांच्या हातातून घेतलं होतं. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी एक फोड चावली.

त्यांनी ती थुंकली नाही. सावकाश गिळली.

"आंबट आहे," ते म्हणाले.

"पयल्या बहराचं असंच राह्यते, दादा," काकाजी घाईनं म्हणाले. "पुढच्या साली गोड होते."

"हो बाबा, पहिल्या वर्षी असतंच," प्रफुल्ल म्हणाला. त्याला संत्र आणि मोसंबीतला फरकही सांगता आला नसता.

मामाजी माझ्याकडे वळले. "सूनबाई, शेंदुरजन्यात पहिल्या बहराची संत्री अशी असतात?"

आत्याबाईंनी पदराआडून माझ्या पाठीत बोट खुपसलं. काकाजी माझ्याकडे बघून मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. मी मामाजींच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. त्या गच्चीवर खरं विचारणारा तो एकटाच माणूस होता.

"नाही, मामाजी," मी म्हणाले. "हे संत्र नाही. जंभेरी आहे. वरचं संत्र मेलं, खालचा खुंट वाढला."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"चौथ्या दिवसापासून."

त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "मले मागच्या सालापासून." प्रफुल्ल जिन्याकडे बघू लागला.

"आणि तू?" मामाजींनी भावाला विचारलं.

"आत्ताच. जिन्याच्या वरच्या पायरीवरून."

"म्हणजे मीच एक राहिलो होतो."

ते उपड्या बादलीवर बसले. त्यांनी बाजूची वही उचलली, चष्मा लावला आणि पानं उलटत पहिल्या वर्षापर्यंत मागे गेले. ते पान त्यांना बरोबर सापडलं.

"२ जून," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "बुडातून जोमदार फूट. जीव धरला. प्रकृती उत्तम." चष्मा काढून ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "हा खुंट फुटला तो दिवस ना?"

"हो."

"म्हणजे त्या दिवशी ते मेलं होतं, आणि मी त्याची प्रकृती उत्तम लिहिली."

काकाजींच्या पोटातून चमत्कारिक आवाज आला. त्यांनी रुमाल तोंडावर दाबला. पोट हलत होतं. मामाजींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. काकाजी रुमालातून म्हणाले, "सहा साल, दादा? रोज उत्तम?"

"रोज," मामाजी म्हणाले, आणि त्यांचाही ताबा सुटला. दोघं भाऊ हसत सुटले. एक बादलीवर, एक कठड्याला टेकून. काकाजी डोळे पुसत म्हणाले, "पन जगवलं तं खरं तू. असा बुंधा, असा जोर, माह्या बागेत नाही. जंभेरी का असेना, झाड जगवलं."

मामाजींनी हसणं थांबवलं आणि बोट वर केलं. "एक मात्र सगळ्यांना सांगून ठेवतो. ह्या घरात यापुढे मला कुणी गोड बोलून गुंगवायचं नाही. खरं सांगायचं. सूनबाईनं सांगितलं तसं."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

काकाजी पुन्हा झाडाभोवती फिरू लागले. आता त्यांच्यातला बागाइतदार जागा झाला होता. "दादा, हे फेकू नको. याच्यावर संत्र्याचे डोळे भरले तं दोन-तीन सालात फळ. आन डोळे कुठून आनाचे म्हनशील तं ते पाय." त्यांनी त्या चार हात फांदीकडे बोट दाखवलं.

"मग भर," मामाजी म्हणाले.

"मी?"

"मग कोण?"

काकाजींनी रुमाल डोक्यावरून काढून पुन्हा बांधला. "आमी तयार कलमा विकत आनतो. डोळा भराचं काम नर्सरीवाले करतात. मले नाही येत."

मामाजी बादलीवरून उठले. त्यांचा चेहरा उजळला होता. "तीस वर्षं बागाइतदार म्हणून मिरवतोस आणि तुले डोळा भरता येत नाही?"

"नाही येत."

"तुले?"

"किती येळा इचारशील?"

मामाजींना त्या वेळी कुणी एक पोतं संत्री दिली असती तरी इतका आनंद झाला नसता. मग ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुमच्या घरी नर्सरी आहे. तुला येतं?"

माझ्या बापाची नर्सरी होती, हे खरं. दरवर्षी थंडीत वीस-वीस हजार डोळे भरले जायचे. मी लहानपणापासून त्या ओळींमधून हिंडले होते.

"येतं," मी म्हणाले.

मामाजींच्या दाढीच्या डब्यातलं नवं ब्लेड आणलं. आत्याबाईंनी दुधाची पिशवी धुऊन दिली, मी तिच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. काकाजींनी फांदीवरची पानं छाटून, गोल काडीची हातभर लांब डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली काडी, तयार केली. मी झाडाच्या बुडाजवळच्या तीन कोवळ्या फांद्या निवडल्या, पेन्सिलीएवढ्या. पहिलीवर ब्लेडनं एक आडवा काप घेतला, त्याच्या मधून खाली उभा. साल उचकटली. आत ओलं, पांढरं लाकूड चमकलं.

"हात पाय कसा चालते," काकाजी म्हणाले.

मी डोळकाडीवरून डोळा सोलला. पातळ सालीचा होडीसारखा तुकडा, मधोमध हिरवी बारीक गाठ. तो कापात सरकवला, वरून पट्टी गुंडाळली, गाठ मारली. मामाजी पट्टीचं टोक धरून माझ्यासमोर उकिडवे बसले होते. श्वाससुद्धा हळू घेत होते.

"किती भरले असशीन पोरी आजवर?" काकाजींनी विचारलं.

"मोजले नाहीत, काकाजी."

"हजारोनं असतील," काकाजी भावाला म्हणाले. "शेंदुरजन्याची पोट्टी हाय ते."

तिन्ही डोळे भरून झाल्यावर आम्ही जेवायला बसलो. काकाजींनी गेल्या सालचं, बरणीच्या तळाशी उरलेलं जंभेरीचं लोणचं तीन वेळा मागून घेतलं, आणि जाताना उरलेली तेरा फळं लोणच्यासाठी घेऊन गेले.

पुढचे एकवीस दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. मामाजी सकाळ-संध्याकाळ विचारायचे, "सोडायची का पट्टी?" मी म्हणायची, "अजून नाही." स्वयंपाकात मीठ जास्त पडायचं. प्रफुल्लला वाटलं मला माहेरची आठवण येते आहे.

एकविसाव्या दिवशी पट्ट्या सोडल्या. पहिला डोळा काळा पडलेला. दुसऱ्याची पट्टी सोडली. हिरवा. तिसरा, हिरवा. दुसऱ्याच्या टोकाला तर तांदळाच्या कणीएवढा कोंब आला होता.

मी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. मामाजी घाबरले.

"अगं, दोन लागले ना? तीनात दोन म्हणजे चांगलं."

"मामाजी, तुम्ही खरं सांगायला सांगितलं होतं," मी म्हणाले. "त्याच दिवशी, त्याच जागी, मी खोटं बोलले. मला येत नव्हतं. आमच्याकडे डोळे माझे दोन भाऊ भरतात. बाबांनी मला कधी चाकू धरू दिला नाही. मी नुसत्या पट्ट्या बांधायची. टाकून दिलेल्या काड्यांवर चोरून करून बघायची, त्या काड्या वाळूनच जायच्या. जिवंत झाडावर मी भरलेले हे पहिले तीन डोळे."

मामाजींनी वाकून तो कोंब पुन्हा पाहिला.

"मोजले नाहीत म्हणालीस."

"मोजायला नव्हतेच."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं, वही उघडली, आणि माझ्यासमोर लिहिलं: "तीनपैकी दोन डोळे लागले. सौ. ललिता हिने भरले." प्रकृतीबद्दल काही लिहिलं नाही. मग वही मिटून म्हणाले, "हे पुंडलिकला सांगू नको."

"पण मामाजी, खरं…"

"मला खरं सांगायचं, असं म्हणालो होतो. सगळ्या जिल्ह्याला नाही."

मग वरच्या फांद्या छाटायची वेळ आली. जंभेरीचा सगळा विस्तार काढल्याशिवाय संत्र्याला जोर मिळणार नव्हता. मामाजींनी स्वतः करवत धरली. एकेक फांदी काढत गेले. शेवटची, कठड्याच्या बाजूची, राहिली तेव्हा त्यांनी करवत खाली ठेवली.

"ही राहू दे."

"मामाजी, ही ठेवली तर हीच सगळं खाईल."

"खाऊ दे थोडं. दर वर्षी छाटत जाऊ. सहा वर्षं वाढवली मी तिला." आणि मग, "तुझी आत्याबाई लोणचं चांगलं घालते."

मी करवत पुसून ठेवली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी फाटक वाजलं. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते, मामाजी पेपर वाचत होते. फाटकाशी एक अनोळखी माणूस होता, सायकलच्या कॅरियरला पोतं बांधलेला. पोत्यातून जंभेरीच्या रोपांचे शेंडे बाहेर डोकावत होते. पंचवीस-तीस तरी असतील, काळ्या पिशव्यांमध्ये. हँडलला संत्र्याच्या ताज्या डोळकाड्यांची जुडी होती.

"पुंडलिकरावांनी पाठवलं," तो म्हणाला. "कुंडीत लावायची संत्री पाहिजेत मला, विकायला. ते म्हणाले, त्यांच्या पुतण्याची बायको आहे, हजारो डोळे भरलेत तिनं. त्या इथंच राहतात का?"

मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. खरं सांगायला तोंड उघडलं, पण मामाजी माझ्याआधी उठले होते. त्यांनी पेपरची घडी घातली, फाटकाची कडी काढली आणि सायकल स्वतःच्या हातानं आत घेतली.

"इथंच," ते म्हणाले. "या, बसा. सूनबाई, माझं ब्लेड घे."

त्या तीसपैकी एकवीस लागले.